पेन्सिलने लिहिलेला ड्युटी चार्ट

शनिवारी दुपारची पाळी रुजू झाली की इन्चार्ज सिस्टर पेन्सिल आणि खोडरबर घेऊन टेबलापाशी बसतात. पुढच्या आठवड्याचा ड्युटी चार्ट लावायचा असतो. डाव्या बाजूला नावं, वरच्या ओळीत वार आणि मधल्या चौकटींत मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट किंवा ऑफ. या कामाला पेन चालत नाही. सोमवार उजाडायच्या आत दोन-चार चौकटी तरी खोडाव्या लागणार, हे सिस्टरना अनुभवाने माहीत असतं. एकीच्या मुलाला डेंग्यू निघतो. दुसरीला जुन्या मेडिको-लीगल प्रकरणात साक्षीचं बोलावणं येतं. तिसरीच्या सासऱ्यांची सेवाग्रामला तपासणी असते. हे सगळं जुळवून झालं की मॅट्रन ऑफिसातून फोन येतो: तुमच्याकडची एक सिस्टर उद्यापासून आयसीयूला पाठवा.

नागपुरातल्या मोठ्या रुग्णालयांत हे दर आठवड्याला घडतं आणि बाहेरच्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. नातेवाइकांना डॉक्टरांचा राउंड दिसतो, सलाइन लावणारी सिस्टर दिसते, स्ट्रेचर ढकलणारे मामा आणि फरशी पुसणाऱ्या मावशी दिसतात. या सगळ्यांना वेळेवर आपापल्या जागी उभं करणारी बाई लोकांच्या नजरेत येते ती बहुधा काही बिघडल्यावरच. सरकारी कागदात तिला परिसेविका म्हणतात. पाळीत काम करणारी ती अधिपरिचारिका, वॉर्ड सांभाळणारी ती परिसेविका, तिच्यावर सहायक अधिसेविका आणि सगळ्यांच्या वर अधिसेविका, म्हणजे मॅट्रन. हे शब्द आदेशात आणि पगारपत्रकात भेटतात; वॉर्डात सगळे ‘इन्चार्ज’च म्हणतात. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांत ‘नर्स मॅनेजर’ अशी पाटी असते. पाटी कोणतीही असो, अडचण दोन्हीकडे सारखी आहे. वॉर्डात काहीही झालं तर जाब या बाईंना विचारला जातो, आणि ते होऊ नये म्हणून जे करायला हवं त्यातलं फारच थोडं त्यांच्या हातात असतं.

आधी माणसांचा हिशेब पाहू. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा आहे: वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डातल्या तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक. ही संख्या चोवीस तासांची आहे. पाळ्यांमध्ये वाटली की महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका पाळीत नऊ खाटांमागे एक परिचारिका येते. रजा-सुट्यांसाठी त्यावर तीस टक्के जादा. म्हणजे तीस खाटांच्या वॉर्डाला दहा आणि वर तीन, अशा तेरा जणी हव्यात. तेरा असल्या तर प्रत्येक पाळीत तिघी उभ्या राहतात आणि नाइट करून आलेलीला झोप मिळते.

आता तेराऐवजी आठच आहेत असं धरा. आठवड्याच्या एकवीस पाळ्या. प्रत्येक पाळीत निदान दोघी ठेवायच्या तर बेचाळीस हजेऱ्या लागतात. आठ जणी सहा-सहा दिवस आल्या तर अठ्ठेचाळीस होतात. उरल्या सहा. त्या सहांत नाइटनंतरची विश्रांती बसवायची, आजारपणं निभवायची, कुणाला प्रशिक्षणाला सोडायचं. त्यात एक जण बाळंतपणाच्या रजेवर गेली की राहिल्या सात. सात सक बेचाळीस, शिल्लक शून्य. मग कुणाला साधा ताप आला तरी रात्री तीस रुग्णांच्या वॉर्डात एकटी सिस्टर. सरकारी रुग्णालयात तीस खाटांच्या वॉर्डात तीसच रुग्ण असतील, याचीही खात्री नसते. खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या पडतात, आणि गादीवरचा रुग्ण खाटांच्या हिशेबात धरला जात नाही.

बाळंतपणाची १८० दिवसांची रजा हा सरकारी नोकरीतल्या बाईचा हक्क आहे. २०१८पासून महाराष्ट्राने बालसंगोपनासाठीही १८० दिवसांची रजा दिली. उत्तम निर्णय होता तो. ज्या पेशात बहुसंख्य बायका आहेत तिथे तर तो फार आधी व्हायला हवा होता. पण रजेवर गेलेल्या सिस्टरच्या जागी सहा महिन्यांसाठी दुसरं माणूस मिळण्याची सोय त्या निर्णयासोबत आली नाही. परिणामी रजा मंजूर करणाऱ्या कार्यालयाला काहीच करावं लागत नाही. रजेवर जाणारी अवघडलेल्या मनाने जाते, मागे राहिलेल्या कुरकुरतात आणि दोघींच्या मधे इन्चार्ज उभी असते. वॉर्डातल्या निम्म्या भांडणांचं मूळ शोधलं तर ते कुणाच्या स्वभावात न सापडता याच रिकाम्या चौकटींत सापडेल.

नागपूरचा भार वेगळाच आहे. शहरात ‘मेडिकल’ म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं चौदाशेच्या आसपास खाटांचं रुग्णालय. १ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत त्याचा अमृतमहोत्सव झाला. दुसरीकडे मेयो, गांधीबागेजवळ डागा स्त्री रुग्णालय, आणि मिहानमधलं एम्स. या रुग्णालयांत फक्त नागपूरकर येत नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया तर येतंच. बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याची माणसंही गाडीत बसतात ती ‘नागपूर ले जाओ’ असं स्थानिक डॉक्टरने सांगितल्यावर. एकाच वॉर्डात वऱ्हाडी, हिंदी, गोंडी आणि छत्तीसगढी बोलणारे रुग्ण असतात. गोंडी बोलणाऱ्या आजीला औषध कसं घ्यायचं ते सांगायला शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची सून शोधून आणायची, ही युक्ती कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. ती इन्चार्जला सुचते.

उन्हाळ्याचं तर विचारूच नये. पंचेचाळीस अंशांच्या पुढे पारा गेला की उष्माघाताचे रुग्ण येऊ लागतात आणि त्यांच्यासाठी वेगळा थंड कक्ष लावावा लागतो. कूलर, बर्फ, थंड सलाइन, अंग पुसायला माणसं. कागदावर ‘कक्ष सज्ज’ लिहिलं की कक्ष सज्ज होत नाही. त्याला सिस्टर लागते आणि ती दुसऱ्या कुठल्या तरी वॉर्डाच्या चार्टमधून निघते. पावसाळ्यात डेंग्यू आणि सर्पदंश येतात. हंगाम बदलला तरी मंजूर पदांचा आकडा तोच राहतो.

दसऱ्याचा चार्ट लावणं म्हणजे नागपुरातल्या इन्चार्जची परीक्षा असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा दिली तो दिवस अशोक विजयादशमीचा. दरवर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर येतो. विदर्भातल्या परिचारिकांमध्ये बौद्ध मुली मोठ्या संख्येने आहेत. वर्षाचा हा एक दिवस त्यांना आई-वडिलांसोबत दीक्षाभूमीवर घालवायचा असतो. त्याच दिवशी दुसऱ्या जणींच्या घरी दसऱ्याचं सोनं वाटायचं असतं. मग अदलाबदल सुरू होते: तू आज माझी इव्हिनिंग कर, लक्ष्मीपूजनाची तुझी नाइट मी करते. नाताळात ख्रिस्ती सिस्टरसाठी, ईदला मुस्लीम सिस्टरसाठी हेच उलट होतं. हे सगळं चांगुलपणावर चालतं. इन्चार्ज त्याचा हिशेब डोक्यात ठेवतात, कारण मागच्या वर्षी कुणी कुणासाठी काय केलं हे विसरलं तर यंदा कुणी तयार होत नाही.

चार्ट सोडला तरी बाकीचा दिवस कारकुनीत जातो. सकाळी आल्याबरोबर रात्रीच्या पाळीचं ओव्हर घ्यायचं. मग सेन्सस: काल किती होते, किती आले, किती गेले, किती दगावले. इमर्जन्सी ट्रॉलीवरची औषधं मोजायची, मुदत संपलेली काढायची. नार्कोटिक औषधं कुलपात, त्यांची वही वेगळी, रिकामे ॲम्प्यूलसुद्धा मोजून परत. स्टोअरला इंडेंट पाठवायचा आणि मागितलेल्या शंभर ग्लोव्हजपैकी चाळीसच आले तर उरलेल्या साठांसाठी पाठपुरावा करायचा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत योग्य तेच पडतंय ना ते पाहायचं. पिवळ्यात जायचं लालमध्ये गेलं तर शेरा इन्चार्जच्या नावावर. धुवायला गेलेल्या चादरी मोजून घ्यायच्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णाचे कागद पूर्ण आहेत का ते बघायचं, कारण एक कागद अडला की उपचाराचे पैसे अडतात. खासगी रुग्णालयात यात एनएबीएच मानांकनाच्या फॉर्मची भर पडते. रुग्ण खाटेवरून पडण्याचा धोका किती, शय्याव्रणाचा धोका किती, वेदना दहापैकी किती, दर पाळीला सगळं नोंदवायचं. या नोंदी निरर्थक नाहीत, उलट त्या मोलाच्या आहेत. पण बारा रुग्णांमागे एक सिस्टर असेल तर फॉर्म भरायचा की कूस बदलायची, हा प्रश्न रोज उभा राहतो. तपासणीला येणाऱ्याला फॉर्म दिसतो.

कूस बदलण्याचा विषय निघाला तर एक उदाहरण सांगायलाच हवं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच पाशवी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५पर्यंत, म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस वर्षं, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांच्यासाठी मागितलेल्या इच्छामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल आला. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिलं गेलं नाही, ही बाब त्या वेळी साऱ्या देशाने आदराने ऐकली. लोकांनी केईएमच्या परिचारिकांच्या प्रेमाचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण शय्याव्रण केवळ प्रेमाने टळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्वचा कोरडी ठेवावी लागते, भरवावं लागतं, आणि जाणाऱ्या पाळीने येणाऱ्या पाळीला हे नीट सोपवावं लागतं. साडेएकेचाळीस वर्षांच्या पाळ्या मोजल्या तर पंचेचाळीस हजारांच्या घरात जातात. इतक्या वेळा एका रुग्णाची सोपवणूक न चुकता झाली. सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, इन्चार्ज बदलल्या, तरी साखळी तुटली नाही. परिचर्येतलं व्यवस्थापन म्हणजे नेमकं काय, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

साखळी तुटली की काय होतं तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नागपूरपासून तासा-दीड तासावरच्या भंडाऱ्यात, जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली. सतरापैकी सात बाळं वाचली, दहा गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. नगरच्या प्रकरणात पोलिसांनी आधी अटक केली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. भंडाऱ्यातही कारवाई परिचारिकांपर्यंत पोहोचली. हलगर्जी झाली असेल तर शिक्षा व्हायलाच हवी. रुग्णाचा जीव हाती असलेल्या पेशाला ही सवलत मागता येणार नाही. पण इमारतीची वायरिंग कुणी तपासायची होती? अग्निसुरक्षेच्या तपासणीत निघालेल्या त्रुटी कुणी दुरुस्त करायच्या होत्या? त्यासाठीचा निधी कुणाकडे अडकला होता? यांतली एकही गोष्ट वॉर्डातल्या सिस्टरच्या अखत्यारीत येत नाही. इन्चार्ज फक्त लिहून देऊ शकतात. स्विचबोर्डातून ठिणग्या येतात असं त्या वहीत लिहितात, त्याची प्रत बांधकाम विभागाकडे जाते आणि पुढे त्या कागदाचं काय झालं हे त्यांना कळत नाही. म्हणून अनुभवी इन्चार्ज नव्या मुलीला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवतात: हात धुणं आणि पोच घेतल्याशिवाय कागद न देणं.

नांदेडची आठवण तर अजून ताजी आहे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या शासकीय रुग्णालयात चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि चर्चा रिक्त पदांवर येऊन ठेपली. चौकशीत पदांची संख्या येते, टक्केवारी येते. वॉर्डात मात्र ही रिक्त पदं टक्केवारीच्या रूपात नसतात. पहाटे तीनला एका बाळाचं ऑक्सिजन सॅच्युरेशन उतरतं, त्याच वेळी दुसऱ्याची सलाइन बाहेर येते आणि सिस्टर एकच असते, असं ते रिक्त पद असतं.

जगात यावर चांगलं संशोधन झालं आहे. अमेरिकेतल्या लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवून दिलं की परिचारिकेकडचा प्रत्येक जादा रुग्ण शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढवतो. युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातून २०१४ मध्ये जवळपास तेच निघालं. कॅलिफोर्नियाने २००४पासून वॉर्डनिहाय किमान प्रमाण कायद्यानेच बांधून दिलं. आपल्याकडे निकष आहेत, पण ते पाळले नाहीत म्हणून कुणाला काही होत नाही.

पगाराचा मुद्दाही इथेच येतो, कारण माणसं टिकली तरच वॉर्ड चालतो. एकाच नागपुरात दोन सरकारं परिचारिकेची दोन वेगळी किंमत ठरवतात. मिहानमधल्या एम्समध्ये रुजू होणाऱ्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. राज्याच्या अधिपरिचारिकेचं ३५,४०० पासून. शिक्षण तेच, रुग्ण तोच. खासगीत तर त्याहून वाईट. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. पन्नास खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही परिचारिकेला महिन्याला वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयाने सरकारी बरोबरीने द्यावं, असं त्या समितीने सुचवलं. शिफारस होऊन इतकी वर्षं लोटली. खासगी रुग्णालयाची नर्स मॅनेजर नव्या मुलीला सहा महिने खपून व्हेंटिलेटर शिकवते, मुलगी तयार होते आणि अनुभवाचं प्रमाणपत्र घेऊन एम्सच्या परीक्षेला किंवा आखातात जाते. तिला दोष कसा द्यायचा? महाराष्ट्र सरकारनेच २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकाही आहेत. मुलींना जग खुलं व्हावं, हे चांगलंच. त्यांच्या मागे इथल्या वॉर्डात कोण उभं राहणार, याचा विचार त्याच टेबलावर व्हायला हवा होता.

मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या त्या बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदारामार्फत पदं भरण्याच्या विरोधात. जुलै २०२५ मध्ये पुन्हा आंदोलन झालं, तेव्हाही कंत्राटी भरती आणि वेतनत्रुटी हेच मुद्दे होते. नागपुरातल्या परिचारिका दोन्ही वेळा रस्त्यावर होत्या. कंत्राटी भरतीला विरोध फक्त नोकरीच्या सुरक्षिततेसाठी आहे असं समजणं चूक आहे. अकरा महिन्यांसाठी आलेली मुलगी वॉर्ड ओळखू लागते तोवर जायची वेळ येते. निवासी डॉक्टर तर फिरतीवरच असतात. वॉर्डाची स्मरणशक्ती टिकते ती कायम सिस्टरमध्ये. रक्त कुठून लवकर मिळतं, कुठला मॉनिटर खोटे आकडे दाखवतो, रात्री कुठल्या सरांना फोन केला तर ते खरंच येतात, हे सगळं त्यांना माहीत असतं. कंत्राटात ही स्मरणशक्ती विकत मिळत नाही.

नातेवाइकांच्या संतापालाही पहिल्यांदा इन्चार्जच सामोऱ्या जातात. रुग्ण दगावला, डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत, बाहेर वीस माणसं जमली आहेत. महाराष्ट्रात २०१०पासून वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर देशभर सुरक्षेची चर्चा झाली. पण त्या क्षणी सिस्टरच्या कामी कायदा येत नाही, दारावरचा सुरक्षारक्षक आणि बोलण्याची पद्धत येते. ‘काकाजी, तुम्ही इकडे बसा, मी सांगते काय झालं ते,’ असं म्हणून घोळक्यातल्या वडीलधाऱ्या माणसाला बाजूला घ्यायचं, पाणी द्यायचं, मग बोलायचं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत शिकलेली ही गोष्ट. सुरक्षेचा आणखी एक हिशेब चार्टमध्येच असतो: इव्हिनिंग संपवून रात्री कामठीला किंवा हिंगण्याला गाडीवर जाणारी मुलगी कोण, ती शक्यतो मॉर्निंगला कशी येईल. हे कुणी सांगितलेलं नसतं. इन्चार्ज ते आपणहून पाहतात.

मग करायचं काय? सगळी पदं भरा, ही मागणी खरीच आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. पण भरती होईपर्यंतही काही गोष्टी अडत नाहीत. प्रत्येक मोठ्या वॉर्डाला एक कारकून द्यावा. इंडेंट, चादरींचा हिशेब, योजनेचे कागद यांसाठी रुग्णाजवळ पंचवीस वर्षं घालवलेली परिचारिका खर्ची घालणं ही न परवडणारी उधळपट्टी आहे. दुसरं, इन्चार्जना पाळीच्या संख्येत धरू नये. त्या इंजेक्शन देत असतील तर वॉर्ड कुणी पाहत नाही. प्रत्येक रुग्णालयाने रजेच्या जागी जाणारी एक राखीव तुकडी ठेवावी. तीस टक्के रजा-राखीव निकषात त्याचसाठी आहे. वॉर्डातून माणूस काढायचं असेल तर ते फोनवर न सांगता लेखी सांगावं आणि त्या पाळीत मागे किती रुग्णांमागे किती सिस्टर उरल्या तो आकडा त्या आदेशातच लिहावा. हा एवढा नियम केला तरी निम्मे फोन बंद होतील, असं वाटतं. आणि विजेच्या, ऑक्सिजनच्या, अग्निसुरक्षेच्या तक्रारीला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देणं संबंधित विभागावर बंधनकारक करावं, म्हणजे उद्या चौकशी झाली तर ती वॉर्डाच्या दारात थांबणार नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. परिसेविका होतात त्या ज्येष्ठतेने. पंधरा-वीस वर्षं उत्तम रुग्णसेवा केलेली बाई एका आदेशाने व्यवस्थापक होते. वादात मध्यस्थी कशी करायची, चार्ट न्याय्य कसा लावायचा, चूक केलेल्या मुलीशी ती चूक लपवणार नाही अशा रीतीने कसं बोलायचं, आकडे वापरून वरिष्ठांपुढे मागणी कशी मांडायची, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. ज्यांना चांगल्या इन्चार्जच्या हाताखाली काम मिळालं त्या पाहून शिकतात. ज्यांना वाईट मिळाल्या त्याही पाहूनच शिकतात. मेडिकलच्या आवारात परिचर्या महाविद्यालय आहे. पदोन्नतीच्या आदेशाआधी पंधरा दिवसांचा वर्ग तिथे घेणं अवघड नाही. शिकवायला निवृत्त मॅट्रनच बोलवाव्यात, त्यांच्याइतकं हे कुणाला ठाऊक नाही. जागा आहे, शिकवणाऱ्या आहेत, शिकायला उत्सुक सिस्टरही आहेत. त्या पंधरा दिवसांत त्यांच्या वॉर्डातल्या चौकटी कोण भरणार, एवढंच आधी ठरवावं लागेल.